जबाबातून गाळलेली ओळ

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की समोर कोणी नसतानाही मान खाली जाते. तीस वर्षांच्या नोकरीतल्या बहुतेक प्रकरणांची आता डोक्यात सरमिसळ झाली आहे. कोणता चेहरा कोणत्या गुन्ह्यातला, हे पटकन सांगता येत नाही. हे एक प्रकरण मात्र क्रमवार लक्षात आहे. यात मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते मी भिंतीवर लावलेले नाही, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले आहे. नावे कोणाचीच देणार नाही, चौकी कोणत्या वसाहतीतली तेही सांगणार नाही.

मराठी माणूस सिंगापूरच्या पोलिसात कसा, असा प्रश्न वाचकाला पडेल. माझे वडील नागपूरकडचे. तरुणपणी बोटीने इकडे आले, गोदीत कारकून झाले आणि इथलेच झाले. काम सुटल्यावर ते दुकानाच्या ओट्यावर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. तमिळ हमाल, मलय माळी, चिनी शिंपी असे सगळे यायचे आणि मोडक्यातोडक्या भाषेत आपले गाऱ्हाणे सांगायचे. वडील ते सरळ इंग्रजीत उतरवायचे. आमच्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या कचेरीच्या पायरीखाली उभे ठेवलेले, त्यामुळे अर्ज या गोष्टीला आमच्या घरी फार मान. माणसाचे म्हणणे कागदावर आले की त्याचा निम्मा राग उतरतो, असे वडील सांगत. मी त्या टेबलाखाली बसून शाळेचा अभ्यास केला आहे. इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी पोलिसात पाठवले गेलो आणि तिथेच राहिलो. हे एवढ्यासाठी सांगितले की कागदाची किंमत मला माहीत नव्हती, असे म्हणायची सोय मला नाही.

निवृत्तीला काही वर्षे उरलेली असताना मी एका चौकीचा प्रमुख होतो. चौकी म्हणजे स्वच्छ काचेचा दरवाजा, नंबराची चिठ्ठी देणारे यंत्र, दोन काउंटर आणि थंडगार एसी. थप्पड मारली, शिवी दिली अशा तक्रारींत आम्हाला थेट अटक करता येत नसे. तक्रारदाराने मॅजिस्ट्रेटकडे जावे किंवा सामोपचाराने मिटवावे, असा सल्ला द्यायचा. त्याचे पत्रक चार भाषांत छापलेले असे. नियम असा, की आधी तक्रारीची नोंद करायची आणि मग पत्रक द्यायचे. आमच्याकडे गर्दीच्या वेळी पत्रकावर तारखेचा शिक्का मारून ते हातात ठेवायचे आणि नोंद राहून जायची, अशी पद्धत पडली होती. ती मी पाडली नव्हती, पण चालू दिली होती. वरिष्ठांकडे जाणाऱ्या महिन्याच्या तक्त्यात त्यामुळे आमची वसाहत फार शांत दिसायची आणि मला ते आवडायचे.

त्या शुक्रवारी सकाळी एक बाई आली. साठीची, इथेच जन्मलेली चिनी बाई. जवळच्या कॉफी शॉपमध्ये तिचा चहाचा स्टॉल होता. कॉफी शॉप म्हणजे चहूबाजूंनी उघडे, सात-आठ स्टॉलचे जेवणाचे ठिकाण. अख्खी वसाहत तिथे जेवते. सगळे तिला आंटी म्हणत, मीही म्हणायचो. तिने काउंटरवरच्या सार्जंटला काही सांगितले नाही, मलाच भेटायचे म्हणाली. खोलीत आली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

तिच्याच कॉफी शॉपमधल्या नूडलच्या स्टॉलवर चीनमधून आलेला एक पन्नाशीचा कामगार होता. कोणाशी फारसे न बोलणारा. त्याने आदल्या दिवशी आपला जाड हिवाळी कोट तिला आणून दिला, आता लागणार नाही म्हणाला. सिंगापुरात कोट तसाही कोणाला लागतो, म्हणून ती हसली. मग त्याने विचारले, रविवारी तू कामावर येणार का? रविवारी कॉफी शॉपच्या बाजूला मंडप घालून पंगत होती. चिनी लोकांचा सातवा महिना हा आपल्या पितृपक्षासारखा, त्यात अशी जेवणे असतात. ती म्हणाली, येणारच, त्या दिवशी तर चहाला उसंत नसते.

"तो म्हणाला, येऊ नकोस," आंटी इथल्या सवयीने वाक्याला ‘लाह’ जोडत सांगू लागली. "मी विचारलं का, तर म्हणाला, कोणी बोलावलं तरी येऊ नकोस. सर, तो माणूस वाईट नाही लाह. पण मला काल झोप लागली नाही."

अशा खबरा येतात आणि बहुतेक फुसक्या निघतात. तरी खबर देणाऱ्यांबाबतचा माझा एक अनुभव सांगतो. जो माणूस दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून येतो, तो आधी त्या दुसऱ्याला चार शिव्या देतो. जो घाबरून येतो, तो आधी त्याची बाजू घेतो. आंटी दुसऱ्या प्रकारची होती, म्हणून मी लगेच हललो. आणखी एक कारण होते, तेही नोंदवतो. ती इथली होती, ओळखीची होती, आणि तिची होक्कियन ही चिनी बोली मला लहानपणापासून कळत होती.

शनिवारी सकाळी आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. आठ जणांत एक फ्लॅट होता. त्याच्या पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मोठे सुरे मिळाले, मटण तोडायचे, नुकती धार लावलेले. त्याने विरोध केला नाही. बूट घालायची परवानगी मागितली, खाली बसून नाड्या नीट बांधल्या आणि उठला.

हत्यारांचे मोठे प्रकरण म्हणजे वरून तपासाचे अधिकारी येणार. ते येईपर्यंत पहिला जबाब घेणे माझ्याकडे होते. पहिल्या जबाबाला फार महत्त्व असते, पुढचा सगळा तपास त्याच्यावर उभा राहतो. माझे मँडरिन बाजारापुरते, म्हणून दुभाषी बाईंना बोलावले. निवृत्त शिक्षिका, तरुणपणी चीनमधून लग्न होऊन आलेल्या. कायद्याप्रमाणे समज दिली, ती त्यांनी भाषांतर करून ऐकवली. तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. दोन तास गेले. सुरे कशाला आणले, कोणाशी भांडण आहे, रविवारी काय करणार होतास, अशा प्रत्येक प्रश्नाला तो गप्प होता. आम्हा लोकांची एक जुनी खूण आहे. माणूस जिथे काही लपवणार असतो, त्याच्या आधी तो पाणी मागतो. याने पाणीही मागितले नाही.

माझा दुय्यम अधिकारी दारात उभा होता. तो स्वतः चिनी, इथे जन्मलेला. तो म्हणाला की सर, हे मेनलँडवाले, चीनमधून येणारे, असेच, तिकडचे व्हिडिओ बघता ना, कोणी गर्दीत गाडी घालतो, कोणी सुरा घेऊन शाळेत शिरतो, रक्तातच आहे त्यांच्या. त्याचे आजोबाही कदाचित त्याच प्रांतातून आले असतील, पण ते त्याला म्हणावे असे मला वाटले नाही. खरे म्हणजे मलाही तेव्हा तसेच वाटत होते.

वेळ घालवायला मी जप्तीची यादी तपासायला घेतली. सुरे दोन, पिशवी एक, मोबाइल एक, प्लॅस्टिकचे फोल्डर एक, आत कागद तीन. मी फोल्डर उघडले. तिन्ही कागद म्हणजे आमच्याच चौकीची सल्ल्याची पत्रके होती. तिन्हीवर आमचा तारखेचा शिक्का होता, तीन निरनिराळ्या आठवड्यांतला. मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक, सरळ चिनी अक्षरांत पानभर मजकूर होता. मी संगणकात त्या तारखांची नोंद शोधली. एकही नव्हती.

दुभाषी बाई वाचू लागल्या. अमुक तारखेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, स्टॉलच्या मालकाच्या मेहुण्याने त्याला डाव्या हाताने उजव्या गालावर थप्पड मारली. कारण सूप सांडले. मारणारा त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. समोर एकतीस माणसे जेवत होती, त्यांतल्या कोणी चॉपस्टिक खाली ठेवल्या नाहीत. चहावाल्या बाईने चहा आणून दिला आणि खाली बस म्हणाली. शेवटी एकच वाक्य होते, हे घडले असे लिहून घ्यावे. दुसऱ्या कागदावर तेच सगळे पुन्हा, आणि खाली भर, की मी दोनदा येऊन गेलो आहे, मी लिहून आणलेला कागद काउंटरवर घेतला नाही.

तिसऱ्या कागदाच्या शेवटी बाई थांबल्या. मग आवाज खाली आणून, माझ्याकडे न बघता त्यांनी ती ओळ वाचली. ती ओळ नंतर सांगतो.

मी ते ऐकले. जबाब बाजूला ठेवला, तक्रार नोंदवायचा कोरा फॉर्म काढला आणि बाईंना म्हटले, त्याला सांगा, सुऱ्यांचे नंतर बघू. आधी थप्पड. त्या दिवशी काय झाले ते पहिल्यापासून सांग म्हणावे, मी लिहून घेतो.

त्याने प्रथमच मान वर केली.

"आत्ता?" तो म्हणाला.

एवढाच शब्द, पण त्यानंतर तो चार तास बोलत होता. थप्पड दहा मिनिटांत सांगून झाली. बाकीचे सगळे त्याच्या मुलाबद्दल होते. एकुलता एक मुलगा, गावाजवळच्या कारखान्यात यंत्रात सापडून गेला. कारखान्याने सांगितले की तो त्या दिवशी हजरच नव्हता, हजेरीत नाव नाही. बापाला एक कागद हवा होता, की त्या दिवशी माझा मुलगा कामावर होता. त्या कागदासाठी तो अकरा वर्षे फिरला. तालुक्याच्या कचेरीतून जिल्ह्याला, जिल्ह्यातून प्रांताला, तिथून राजधानीला. प्रत्येक ठिकाणी अर्ज घेतला जाई आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याच्याकडेच चौकशीला परत येई. दुभाषी बाईंनी मध्येच मला समजावले, की तिकडे गाऱ्हाणी नेण्यासाठी वेगळी कचेरी असते, पण ज्याच्या भागातून जास्त गाऱ्हाणी वर जातात त्या साहेबाला ठपका बसतो. मग साहेब गाऱ्हाणे मिटवत नाही, गाऱ्हाणे नेणाऱ्याला गाडीत घालून गावी परत आणतो. शांत दिसणारा माझा महिन्याचा तक्ता मला त्या क्षणी आठवला.

मधल्या काळात बायको गेली. एकच मूल आणि तेही नाही, म्हणजे गावात म्हातारपणी बघणारे कोणी नाही आणि लोकांच्या नजरेत किंमतही नाही. लोक रस्ता बदलायचे, कारण त्याच्याशी बोलले तर आपल्यालाही त्रास होईल. गर्दीत गाडी घालणाऱ्यांच्या बातम्या तिकडे लगेच पुसल्या जातात, पण एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर त्या फिरतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याला वाटले होते, हे लोक जनावरे आहेत. नंतर नंतर वाटू लागले, निदान आता याला कोणी तरी नाव विचारेल.

मी त्याला विचारले, की थप्पड मारली मेहुण्याने, मग पंगतीतल्या लोकांनी तुझे काय बिघडवले होते?

"मारणारा एक होता," तो म्हणाला. "बघणारे सगळे होते."

त्याचे समर्थन करण्यासाठी हे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्या मंडपात मी साध्या कपड्यांत उभा होतो. आजोबांच्या मांडीवर बसून जेवणारी मुले मी पाहिली. त्याच्या हातून जे झाले असते, त्याला क्षमा नाही. पण त्याचे कारण आम्ही रक्तात शोधत होतो, आणि ते आमच्या शिक्क्याखाली पडलेले होते. इकडे का आलास, असेही मी विचारले होते. इथे नियम आहेत असे ऐकले होते, म्हणाला.

आता जबाब वाचून दाखवण्याचे सांगतो. पद्धत अशी, की लिहिलेला सगळा जबाब दुभाषीने माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, तो म्हणेल ती दुरुस्ती करायची आणि मग सही घ्यायची. थप्पड, सुरे आणि रविवारचा बेत, तीन पत्रके, चौकीत तीन वेळा येणे, हे सगळे मी लिहिले होते. बाहेर वरच्या अधिकाऱ्यांची गाडी लागल्याचा निरोप आला. तिसऱ्या कागदावरची ती शेवटची ओळ घालायची राहिली होती. दुभाषी बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि बोट त्या ओळीवर ठेवले. मी पाणी मागवले. पाणी प्यालो आणि म्हणालो, वाचा, एवढे पुरे.

बाईंनी वाचले. तो डोळे मिटून ऐकत होता, वाचून झाल्यावर म्हणाला, "एक ओळ राहिली."

मी म्हटले, "त्याला सांगा, त्याचा केसशी संबंध नाही. छोटी गोष्ट आहे."

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी भाषांतर केले. त्यांच्या तोंडून ते शब्द बाहेर पडले तेव्हा मला कळले की मी काय बोललो. तोपर्यंत त्याने मान हलवली होती. त्यात राग नव्हता, आश्चर्यही नव्हते. सवय असलेल्या माणसाने हलवावी तशी हलवली. त्याने पेन घेतले आणि प्रत्येक पानावर नीट सही केली.

पुढचे सगळे रीतसर झाले. त्याला शिक्षा झाली आणि शिक्षा संपल्यावर मायदेशी पाठवले. मी लिहिलेल्या तक्रारीवरून मालकाच्या मेहुण्याला लेखी समज मिळाली. काउंटरवर नोंदीशिवाय पत्रक द्यायचे नाही, असा आदेश मी काढला आणि निवृत्त होईपर्यंत तो पाळायला लावला. तीन पत्रके मुद्देमालात होती, पण पहिला जबाब मजकुराने भरलेला दिसल्यावर मागची चिनी अक्षरे पुन्हा कोणी वाचली नाहीत. दुभाषी बाईंनी त्यानंतर आमच्या चौकीचे बोलावणे घेतले नाही. आंटीने रविवारी सुट्टी घेतली नव्हती. मंडपाच्या कडेला ती मला भेटली आणि तिने विचारले, त्याने काल काही खाल्ले का? मग म्हणाली, "मी फक्त चहा दिला होता, सर." त्या दिवशी समोर असलेल्या सगळ्यांत त्याने वाचवायचे ठरवलेले एकच माणूस ते होते.

काही महिन्यांनी प्रशस्तिपत्र मिळाले. त्यात लिहिले होते, वेळीच दखल घेतल्याबद्दल.

परवा आम्ही पासिर रिसला एका पुण्याच्या इंजिनिअरकडे जेवायला गेलो होतो. चीनमध्ये पुन्हा कोणी तरी गर्दीवर गाडी घातल्याची बातमी फोनवर आली होती, त्यावरून विषय निघाला. तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे असतात म्हणे, तरी हे होतेच कसे, असे तो विचारत होता. कोणी म्हणाले स्पर्धा, कोणी म्हणाले एकुलती एक मुले, कोणी म्हणाले त्यांना देव नाही. यजमान मला म्हणाला, "काका, तुम्ही तर अशी केस हाताळली आहे ना?" मी केस सांगितली. माझी सांगायची पद्धत चांगली आहे, मुलेसुद्धा खेळ थांबवून ऐकत बसली. शेवटी सगळ्यांनी माझे कौतुक केले.

परतताना मी आणि बायको एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने निघालो. पाया लेबारला गाडी बदलायला उतरलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, एक विचारू? ही केस सांगताना तुम्ही दरवेळी जबाब वाचण्यापाशी येता आणि पाणी मागता. आजही मागितलंत."

पोलिसाची बायको आहे, ती खूण मीच कधी तरी तिला शिकवली असेल. फलाटावरच्या बाकावर बसून दोन गाड्या जाऊ दिल्या आणि तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग, लिहा.

या प्रकरणाने काय शिकवले, असे अशा लेखाच्या शेवटी सांगायचे असते. मी एवढेच सांगू शकतो, की त्याला इतकी वर्षे एक कागद हवा होता, ज्यावर घडलेली गोष्ट घडली असे लिहिलेले असेल. मी अर्ज लिहिणाऱ्याचा मुलगा. माझ्या हातात पेन होते, समोर कागद होता आणि मी त्याला अपुरा कागद दिला. तो आज कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्या वडिलांच्या टेबलाशी तो आला असता, तर त्यांनी ती ओळ गाळली नसती.

ती ओळ अशी होती: "तिसऱ्या खेपेला मोठा भारतीय साहेब स्वतः बाहेर आला, माझा कागद न बघता आमच्या भाषेत म्हणाला, छोटी गोष्ट आहे, आणि काउंटरवरचे सगळे हसले."

ती दुपार मला चांगली आठवते. मी जेवायला निघालो होतो. माझे मँडरिन त्याला कळले, याचा मला आनंद झाला होता. हसणाऱ्यांत पहिला मी होतो.